वहिनीचे वाफे

दिवस मावळायला लागला की माय माझा हात शोधायची. ते दिवस आठवायला बसले, की दुष्काळ आठवायच्या आधी मला हेच आठवतं. पाझर तलावाच्या कामावर दगड फोडून तिच्या तळव्यांना घट्टे पडलेले असायचे. त्या खरबरीत हातात ती माझी बोटं अशी काही धरायची, की माझी नखं पांढरी पडायची. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेन. कामावरून घरी यायला माळावरून कोसभर वाट होती. बाया घोळक्यानं चालायच्या, बोलायच्या, एखादी गाणं म्हणायची. आम्ही दोघी मात्र त्यांच्या थोडं मागं. लोकांना वाटायचं, लेक आईला लाडानं चिकटलीय. खरी गोष्ट फक्त आम्हां दोघींना ठाऊक होती. सूर्य बुडला की माझ्या मायला दिसायचं नाही.

तिला रातांधळं झालं होतं. पहिल्यांदा कळलं तेव्हा ती घरातल्या घरात उंबऱ्याला अडखळून पडली होती. उठून बसली, इकडंतिकडं बघितल्यासारखं केलं आणि मला म्हणाली, "सुमे, चिमणी इझली का गं?" चिमणी तर तिच्यासमोर कोनाड्यात जळत होती. मी तसं सांगितलं. तिनं हात लांब करून चिमणीची ऊब चाचपली. मग माझं मनगट धरून म्हणाली, "कुणाला सांगू नगं. मुकादमाला कळलं तर मस्टरवरून नाव काढंल. तुझ्या दादाला बी नगं. लगीन ठरलंय त्याचं." मी मान हलवली. ती तिला दिसली नाही म्हणून तोंडानं 'बरं' म्हणाले. त्या दिवसापासून सकाळी शाळा आणि दुपारी मायची भाकरी घेऊन कामावर जायचं, ते थेट तिला घेऊनच परत यायचं, हा माझा नेम झाला. "पुढं खड्डा हाय." "हितं उतार हाय." "दगड, दगड, डावीकडून ये." असं हलक्या आवाजात सांगत मी तिला घरी आणायची. मला त्याचं ओझं कधी वाटलं नाही. आज कबूल करते, ते माझ्या लहानपणातले सगळ्यात सुखाचे दिवस होते.

घर दोन खणांचं. बा ऊसतोडीच्या टोळीबरोबर कुठल्याशा लांबच्या सहकारी कारखान्यावर गेलेला. त्याचं येणं उन्हाळ्यात, तेही हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला तर. दादा गावातल्या दूध सोसायटीत कॅन धुवायला होता. दादा सातवी शिकलेला, अक्षर मोत्यासारखं, पण सोसायटीत त्याला हिशोबाची वही कुणी दिली नाही. आम्ही बौद्धवाड्यातले. रिकाम्या कॅनला त्याचा हात चालायचा, भरलेल्या कॅनला चालायचा नाही. दूध मापात ओतायला दुसरा माणूस होता, आणि तो आला की दादा ओट्याखाली उतरून उभा राहायचा. त्या वर्षी दूधही आटलं होतं. जनावरं लोकांनी बाजार दाखवून विकली, जी उरली त्यांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. तरी सोसायटीचे कॅन रोज सकाळी टेम्पोत चढायचे, रिकामे उतरायचे आणि धुवावे लागायचे. सोसायटीला टँकरचं पाणी मिळायचं, वाड्याला चार दिवसांआड. खायला परदेशातून आलेली लाल मायलो ज्वारी. तिची भाकरी थापताना कडेला फाटायची आणि गार झाली की चामड्यासारखी व्हायची. तिच्याबरोबर लाल मिरचीचा ठेचा नाहीतर नुसतं मीठपाणी. हिरवं म्हणून काही ताटात येतं, हेच आम्ही विसरलो होतो.

अशा दिवसांत दादाचं लग्न झालं. बुद्धवंदना झाली, गूळपाणी वाटलं, संपलं. वहिनी सिरसाळ्याकडची. नाव कौसल्या, वय सतरा-अठरा, अंगानं काटकुळी, पुढचा एक दात थोडा बाहेर. तिला आई नव्हती, आजीनं वाढवलेली. ती मला पहिल्या दिवसापासून 'सुमनबाई' म्हणायची, मी एवढीशी असूनसुद्धा. मला ते आवडलंही. तिच्या पत्र्याच्या पेटीत दोन लुगडी होती, एक फणी आणि जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेल्या पाच-सहा पुरचुंड्या. मी विचारलं, "काय हाय त्यात?" ती म्हणाली, "बी हाय. आजीनं दिलंय. राजगिरा, तांदुळजा, चुका, शेपू, अंबाडी." मी हसले. प्यायला पाणी नाही आणि ही बी घेऊन आलीय.

आठ-दहा दिवस झाले असतील. संध्याकाळी आम्ही कामावरून आलो. वहिनीनं मायला तांब्या दिला. मायनं हात पुढं केला तो तांब्याच्या वीतभर बाजूला. वहिनीनं तांब्या तिच्या हाताखाली सरकवला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी ती मायसमोर उकिडवी बसली.

"आत्याबाई, एक इचारू? दिवस मावळला की तुमाला दिसत न्हाई, व्हय ना?"

मी तटकन म्हणाले, "दिसतंय तिला!"

"सुमनबाई, मी आत्याबाईला इचारलं."

माय एकदम कडाडली. "तुला कुणी सांगितलं? ह्या घरात येऊन आठ दिस न्हाई झाले आन माझे डोळे काढाया निघालीस?"

वहिनी हलली नाही. म्हणाली, "माझ्या आजीला असंच झालतं. पोटात पाला न्हाई गेला की होतंय. बरं होतंय, आत्याबाई. आजी चांगली झाली."

आणि मग माय रडली. इतक्या दिवसांत माझ्याजवळ ती एकदाही रडली नव्हती. माझ्या हाताला धरून कोसच्या कोस आंधळ्यासारखी चालली, पण डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आणि ह्या कालच्या आलेल्या पोरीपुढं पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडली. मी चुलीजवळ बसून बघत होते. हातातली काटकी मी बारीक बारीक मोडत राहिले. जे वाटत होतं त्याचं नाव मला तेव्हा माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून वहिनीनं घरामागची जागा खणायला घेतली. बाजेएवढे तीन वाफे केले. भोवती बाभळीचे काटे ओढून कूड घातला. शेजारच्या उकिरड्यातलं जुनं शेणखत पाटीनं आणलं, ढेकळं हातानं फोडली. गल्लीतल्या बाया येऊन बघायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. वहिनीनं, मायचं नाव न घेता, आपल्या आजीच्या डोळ्यांची गोष्ट सांगितली, तशी एक म्हातारी म्हणाली, "अगं, रातांधळ्याला बोकडाचं काळीज लागतंय, पाल्यानं काय व्हायचं!" वहिनी म्हणाली, "बोकड तुमी द्या मावशी, काळीज मी भाजते." पाण्याचा प्रश्न होताच. न्हाणीच्या दगडाखाली तिनं घमेलं पुरलं, अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी त्यात साठवलं. तेवढ्यानं भागेना. मग एक दिवस तिनं दादाला विचारलं, "कॅन धुतलेल्या पाण्याचं काय करता?"

"काय करायचंय? नालीत सोडतो."

"कितींदा धुता?"

दादानं सांगितलं. पहिल्यांदा नुसत्या पाण्यानं खळखळून दुधाचा चिकटा काढायचा. दुसऱ्यांदा गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून काथ्यानं घासायचं. तिसऱ्यांदा स्वच्छ पाण्यानं विसळायचं. वहिनी म्हणाली, "पहिलं आन तिसरं पानी मला पायजे. दुसऱ्याचा थेंब नगं. सोड्यानं झाड जळतं." दादानं सेक्रेटरीला विचारलं. त्यानं हात उडवून 'न्या' म्हटलं. नालीतल्या पाण्याला कोण नाही म्हणणार! ते पाणी आणायचं काम माझ्याकडं आलं. राकेलच्या डब्याला आडवी काठी ठोकून बादली केली होती. शाळेच्या आधी मी सोसायटीत जायची, दादा घमेल्यांतून वेगवेगळं काढून ठेवलेलं पाणी दाखवायचा, मी दोन खेपा करायची. पहिलं पाणी पांढरट, आंबूस वासाचं. काठी खांद्याला रुतायची. पण मी आणायची, कारण माय म्हणाली होती, "जा माय, आन."

बी उगवलं. आधी नुसते लाल-हिरवे टिपके, मग दोन-दोन पानं. सगळा गाव भुरा, मातकट, झाडं खराटा झालेली, आणि आमच्या घरामागं बाजेएवढं हिरवं. लोक मुद्दाम वळसा घालून बघायला यायचे. महिना व्हायच्या आत वहिनीनं तांदुळज्याचे शेंडे खुडले. चार लसणाच्या पाकळ्या ठेचून तव्यावर टाकल्या तसा तो वास सगळ्या घरात भरला. अजूनही बीडच्या बाजारात तांदुळज्याची जुडी हातात घेतली, की मला आधी तो लसूण ऐकू येतो, चर्रकन. तेलाची बुधली तिनं वाकडी केली तेव्हा माय म्हणाली, "तेल कशाला जाळतीस गं, हाय थोडंसं."

"तेलाबगर पाला डोळ्यापतुर जात न्हाई. आजी मनायची."

पुढं नर्सिंगच्या वर्गात बाईंनी फळ्यावर हेच शिकवलं, जरा वेगळ्या शब्दांत. मी वहीत उतरवून घेतलं नाही.

त्या दिवशी वहिनीनं आणखी एक केलं. भाजी उतरली तशी पहिल्यांदा मायची वाटी काढून ताटलीनं झाकली. मग दादाला वाढलं, मग मला. माय नेहमीप्रमाणे शेवटी बसली आणि आपली वाटी माझ्याकडं सारू लागली. वहिनीनं तिचा हात धरला. "न्हाई आत्याबाई. ही तुमची. मी बघते, तुमी खावा." आणि खरंच समोर बसून राहिली, वाटी रिकामी होईपर्यंत. मला इतका राग आला! आधी वाटलं, माझ्या वाटणीचं काढून घेतलं म्हणून राग आला. तसं नव्हतं. मी तिची पोटची लेक, आणि माय रोज काय खाते, खाते की नाही, हे मी कधी बघितलंच नव्हतं. हिनं येऊन महिनाभरात बघितलं होतं. मला माझाच राग यायला हवा होता, पण त्या वयात, आणि खरं तर नंतरच्या वयातही, असा राग दुसऱ्यावर काढणं सोपं जातं.

भाजी रोज झाली. आज तांदुळजा, उद्या राजगिरा, परवा चुक्याचं आंबट वरण, तेही डाळ नावालाच. पंधरा दिवस झाले असतील. एका संध्याकाळी आम्ही माळावरून येत होतो. वहिनीही आता कामावर यायला लागली होती, ती बायांत पुढं होती. मी मायचा हात धरलेला. सूर्य गेलेला, नुसती तांबूस धूळ उरलेली. माय एकदम थांबली. म्हणाली, "ती बघ, उमापूरच्या वाटेनं गाडी चाललीय. डाव्या बैलाचं शिंग मोडकं हाय." मी बघितलं. खरंच मोडकं होतं. माय हसायला लागली, लहान पोरीसारखी. पदर सावरायला म्हणून तिनं माझ्या हातातून हात काढून घेतला तो परत दिलाच नाही. झपाझपा चालत पुढं गेली आणि ओरडली, "कौसल्या! ये कौसल्या, मला बैल दिसला गं!" बाया गोळा झाल्या. इतके दिवस लपवलेली गोष्ट तिनं आपल्याच तोंडानं सगळ्यांना सांगून टाकली. मी मागं एकटी राहिले.

माझी आई आंधळी राहावी असं मला वाटत होतं का? हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारला असेल. तसं स्पष्ट काही मनात आलेलं आठवत नाही. संध्याकाळ झाली की उजवा हात रिकामा वाटायचा, एवढंच आठवतं. माय वहिनीबरोबर बोलत पुढं चालायची. बीची गोष्ट, पाण्याची गोष्ट, कुणाच्या बाळंतपणाची गोष्ट. मी मध्ये काही बोलले तर म्हणायची, "थांब गं जरा." आणि घरी आलं की पहिलं वाफ्याजवळ जायची, पानांवरून हात फिरवायची. माझ्या डोक्यावरून तिनं तसा हात कधी फिरवला होता, ते मी आठवत बसायची.

एका सकाळी सोसायटीत दादा टेम्पोवाल्याशी बोलायला रस्त्यावर गेला होता. घमेली नेहमीप्रमाणे मांडलेली. पहिलं पाणी, सोड्याचं पाणी, तिसरं पाणी. मी डबा पहिल्या घमेल्यात बुडवायला वाकले आणि मधल्यात बुडवला. कुणी ढकललं नाही, कुणी सांगितलं नाही. पाणी कोमट, हाताला बुळबुळीत लागलं. घरी आणलं, वाफ्यात ओतलं. काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं. मग रोज, दादाची नजर चुकवून, निदान एक खेप.

आठवड्यात पानांच्या कडा करपल्या. मग शेंडे माना टाकू लागले. वहिनीनं उन्हाला दोष दिला, जुन्या लुगड्याची सावली केली. तरी वाफे पिवळे पडत गेले. मातीवर पांढरी बुरशीसारखी साय धरली. वहिनी बोटानं ती खरवडून बघायची आणि कपाळाला आठ्या घालून बसायची. तिचं जेवण कमी झालं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, खोटं कशाला बोलू. पण तो आनंद मायलोच्या भाकरीसारखा होता, तोंडात फिरत राहायचा, गिळवत नव्हता.

मग एक दिवस मी मधल्या घमेल्यात डबा बुडवला आणि मागं वळले तर वहिनी उभी. ती न सांगता माझ्या मागं आली होती. तिनं डब्यातल्या पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं, थुंकली. मग माझ्याकडं बघितलं.

"हे रोज?"

मी डबा मागं ओढला.

"किती दिस झाले, सुमनबाई?"

मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. तिनं डबा नालीत पालथा केला. मला वाटलं, आता ही हात उचलणार. मी तयार होते. ती म्हणाली, "कावून? मी काय केलं तुमचं?" तिनं काय केलं होतं, हे मला तरी कुठं नीट सांगता येत होतं! ती वळली आणि चालायला लागली. मी मागोमाग. घर येईपर्यंत मी मनात मार खात होते, मायचा, दादाचा.

माय दारातच होती. "काय गं, कळलं का कशानं जळतंय ते?"

"जमिनीतनं खार फुटलाय, आत्याबाई," वहिनी म्हणाली. "उन्हाळ्यात फुटतो कुठं कुठं. वरची माती काढून टाकते. नाल्यातला गाळ आनून परत बी टाकू."

तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. सांगितलं असतं तरी चाललं असतं. तिनं मला झाकलं, आणि त्या झाकण्याचा मला तिच्या भाजीपेक्षा जास्त राग आला. दुसऱ्या दिवसापासून पाणी तिनं स्वतः आणायला सुरुवात केली. कामावरून आल्यावर पाटी घेऊन कोरड्या नाल्यात जायची, गाळ उकरून आणायची. मी ओट्यावर बसून बघायची. उठले नाही.

नवी भाजी यायला वेळ होता, आणि मायच्या अंगात साठवण ती कितीशी असणार. तीन-चार आठवड्यांत तिचे डोळे परत संध्याकाळी मंदावू लागले. एके दिवशी माळावर ती थांबली आणि तिनं हात लांब केला. मी शेजारीच होते. पण तिनं तो दुसऱ्या बाजूला केला. वहिनीनं धरला. दोघी चालू लागल्या. वहिनीनं मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि लगेच मान फिरवली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वहिनीला ताप आला आणि ती घरी राहिली. संध्याकाळी मायला आणायला मी एकटी. काम तेव्हा मुरमाच्या खाणीजवळ चाललेलं, वाटेला कंबरभर खड्डे. मायनं माझा हात धरला, पण पूर्वीसारखा नाही. सारखी विचारत होती, "कौसल्यानं कण्या खाल्ल्या का? अंग किती गरम होतं? तू निघाली तवा झोपली होती का?" मी 'हूं', 'हूं' करत होते. खाणीच्या काठाशी आलो. मी "पुढं खड्डा हाय" म्हणायचं ते म्हणाले नाही. थांबले. तिचा हात सोडला आणि दोन पावलं बाजूला सरकले. मला एवढंच हवं होतं, की तिनं घाबरावं आणि मला हाक मारावी. 'सुमे, कुठं हायीस?' एवढंच. मग मी लगेच धरणार होते.

माय उभी राहिली. दोन्ही हात पुढं करून हवेत चाचपडू लागली. आणि म्हणाली, "कौसल्या? कौसल्या गं, कुठं गेलीस?"

मी दगडासारखी उभी राहिले. तिनं पाऊल टाकलं आणि ती खाली गेली.

तिचा ओरडण्याचा आवाज, मग मुरूम घसरल्याचा आवाज, मग माझा स्वतःचा. बाया पळत आल्या. तिला वर काढलं तेव्हा उजवं मनगट भलतीकडं वळलेलं होतं. चकलांब्याहून हाडं बसवणारा माणूस बोलावला. त्यानं बांबूच्या कामट्या लावून हात बांधला. बांधताना मायनं पदराचा बोळा दातात धरला होता. वहिनी तापातून उठून तिच्या मागं बसली होती, तिला छातीशी धरून. मी दारात.

मुकादमाला सगळं कळलं. मायचं नाव मस्टरवरून निघालं, वहिनीचं तेवढं राहिलं. आता दुपारी घरात माय आणि मी दोघीच उरलो. जे मला हवं होतं, ते असं मिळालं. तिसऱ्या का चौथ्या दिवशी माय घरामागं बाजेवर पडली होती. नव्या गाळात कोंब वर आले होते. मी तिला पाणी पाजत होते आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "माय, हात मी सोडला."

ती घोट गिळून म्हणाली, "ठावं हाय."

"कसं?"

"ठेच लागून हात सुटला तर वढ बसती. त्या दिशी वढ बसली न्हाई." मग थोड्या वेळानं, "कावून सोडलास?"

मी रडत रडत काय काय म्हणाले. की वैनी आल्यापासून तुला माझा हात लागत नाही, तू तिच्याशीच बोलतीस, पडतानाही तिलाच हाक मारलीस. माय वर आभाळाकडं बघत ऐकत होती. मला वाटलं ती जवळ घेईल. ती म्हणाली, "डोळे गेलेली माय तुला गोड लागली, आन डोळे आलेली कडू? कसली गं लेक तू?"

एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं. मी किती वेळ तिथंच बसून होते, ठाऊक नाही. सोड्याची गोष्ट माझ्या ओठावर आली होती. पण ती सांगितली तर वहिनी खोटं बोलली हेही सांगावं लागलं असतं. निदान मी मनाला तसं समजावलं. ती गोष्ट मी मायला शेवटपर्यंत सांगितली नाही. वहिनीनंही नाही.

संध्याकाळी वहिनी कामावरून आली, पाटी घेऊन नाल्याकडं निघाली. मी दुसरी पाटी उचलली आणि तिच्या मागं गेले. नाल्यात दोघींनी गाळ भरला. माझी पाटी डोक्यावर चढवून देताना तिनं एवढंच म्हटलं, "उद्या सकाळी पानी तुमीच आना. पहिलं आन तिसरं." मी आणलं. पुढं पाऊस लागेपर्यंत रोज आणलं.

भाजी पुन्हा आली. मायचे डोळे पुन्हा उघडले आणि मग कधी गेले नाहीत. मनगट मात्र वाकडं बसलं. त्या हातानं तिला परत भाकरी थापता आली नाही. बा कारखान्यावरून परत आला तेव्हा त्यानं विचारलं, माय म्हणाली, अंधारात पाय घसरला. वाड्यातल्या बायांनी वहिनीकडून बी नेलं, घराघरामागं बाजेएवढे वाफे झाले. दादाला पुढं काही वर्षांनी सोसायटीची वही मिळाली. हे सगळं चांगलंच झालं. पण 'मी बदलले, माझ्या मनातलं किल्मिष गेलं' असं इथं लिहिता आलं असतं तर लिहिलं असतं. ते गेलं नाही. मी शिकले, नर्स झाले, जिल्हाभर नोकरी केली, संध्याकाळी ठेचकाळणारी किती लेकरं तपासली. सुटीत घरी आले, की माय माझ्यासाठी उठून बसायची आणि म्हणायची, "कौसल्या, सुमी आली, च्या टाक." आणि ते 'कौसल्या' मला दर वेळी तसंच खुपायचं. केस पांढरे झाले तरी.

माय गेली ती दादाच्या घरी. शेवटचे पंधरा दिवस मी रजा काढून तिथंच होते. नाडी बघणं, औषध देणं, कूस बदलणं, सगळं मी करायची, मला ते येत होतं. पण खायला ती फक्त वहिनीच्या हातून खायची. मी चमचा पुढं केला की तोंड मिटायची. डोळेही उघडायची नाही, तरी तिला हात कळायचा. जायच्या दोन दिवस आधी दुपारी वहिनी तिला पातळ केलेली राजगिऱ्याची भाजी भरवत होती. वहिनीही आता म्हातारी, बाहेर आलेला तो दात पडलेला. मी पायथ्याशी उभी राहून बघत होते. मी कशी बघत होते, ते तिला दिसलं असणार. मायनं तोंड उघडलेलं असतानाच वहिनी म्हणाली, "सुमनबाई, जरा हे धरा बरं. मला हात धुवायचेत." आणि वाटी-चमचा माझ्या हातात देऊन उठली. मी पटकन तिच्या जागेवर बसले. मायनं चमचा घेतला. आणखी एक घेतला. अर्धी वाटी तिनं माझ्या हातून खाल्ली, डोळे मिटून.

वाटी संपेपर्यंत वहिनी आत आली नाही. मी दारातून बघितलं तर ती बाहेर पायरीवर बसलेली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून. हात कोरडे होते. न्हाणीकडं ती गेलीच नव्हती.